मुलगा भविष्यकाळात बोलतो

ग्लासगोहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं काही गाळून गाभा तेवढा देते.

"ताई, आमचं लेकरू आता १९ वर्षांचं. जन्म पुण्याचा, चार वर्षांची असताना इकडे आणलं. मार्चमध्ये त्याने सांगितलं, मी मुलगी नाही, मुलगा आहे. 'त्याने' लिहितेय खरी, पण हात अडखळतो. हे ओरडले नाहीत, घराबाहेर काढलं नाही. यांनी वाद घालायला सुरुवात केली. रोज जेवताना तेच: स्कॉटलंडचं बिल, सुप्रीम कोर्ट, तुरुंग, बाथरूम. मुलगा ताट उचलून खोलीत जातो. डिसेंबरमध्ये कोल्हापूरला पुतणीचं लग्न आहे, आम्ही सगळे जाणार. दिरांनी विचारलंय, पत्रिकेत नाव कसं छापायचं? सासूबाईंना अजून काही माहीत नाही. मला एवढंच सांगा, कोर्टाने लिंग म्हणजे जन्मतःचं लिंग असं ठरवल्यावर ते प्रमाणपत्र काढण्यात काही अर्थ आहे का, की थांब म्हणू? आणि हो, तो घरात मराठी फारसं बोलेनासा झालाय. बोललाच तर 'मी येईन', 'मी जेवेन' एवढंच."

शेवटापासून सुरुवात करते. इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' दोन्हींना एकच वाक्य पुरतं. मराठीत मात्र तोंड उघडलं की लिंग बाहेर पडतं. भविष्यकाळ त्यातून सुटलाय: येईन, जेवेन, निघेन ही रूपं बाईची आणि पुरुषाची सारखीच. तुमच्या मुलाने व्याकरणातली ही फट शोधलीय आणि तिच्यातून तो तुमच्याशी बोलतोय. मराठी टाकायचीच असती तर इंग्रजी होतीच की हाताशी. 'मी आले' म्हणवत नाही आणि 'मी आलो' म्हटलं तर जेवणाच्या टेबलावर पुन्हा बिल निघेल, म्हणून बिचारा 'येईन'वर भागवतोय. आज त्याला दारातच विचारा, "आलास का?" पहिल्या वेळी जीभ वळणार नाही, चुकेल. चुकली तर दुरुस्त करून पुढचं वाक्य बोला, माफीचं भाषण नको.

आता कायद्याकडे वळते. तुमच्या यजमानांना वादाची हौस आहे, तर निदान माहितीवर होऊ दे.

२००२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला सुनावलं की ट्रान्स व्यक्तीच्या लिंगाला कायद्यात मान्यता न देणं हा हक्कभंग आहे. त्यातून २००४ चा जेंडर रेकग्निशन कायदा आला. तुम्ही विचारताय ते, ट्रान्स व्यक्तीचं लिंग कायद्याने मान्य करणारं प्रमाणपत्र याच कायद्याने मिळतं. प्रमाणपत्रासाठी वय १८ पूर्ण हवं, जेंडर डिस्फोरियाचं, म्हणजे जन्मतःचं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसल्याच्या त्रासाचं निदान हवं, दोन वैद्यकीय अहवाल हवेत, दोन वर्षं त्या ओळखीने राहिल्याचे पुरावे हवेत आणि मरेपर्यंत असंच राहणार असं प्रतिज्ञापत्र हवं. शस्त्रक्रियेची अट मात्र पहिल्यापासून नव्हती. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, तुमच्या यजमानांनाही वाटणार नाही. कागद एका पॅनेलपुढे जातात. अर्जाची फी २०२१ मध्ये १४० पौंडांवरून ५ पौंडांवर आणली, पण अडचण कधी फीची नव्हतीच. ते निदान मिळवायला सरकारी क्लिनिकची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं सरकत नाही, तिथेच माणूस अडकतो.

हेच प्रमाणपत्र सोपं करू पाहणाऱ्या स्कॉटलंडच्या बिलाने निदानाची अटच काढली होती. त्या ओळखीने तीन महिने राहिल्याचं स्वतः घोषित करायचं, मग विचारासाठी आणखी तीन महिने. वयाची अट १६ वर आणली होती, १६-१७ वर्षांच्या मुलांसाठी राहण्याची मुदत सहा महिने. दीडशेहून जास्त दुरुस्त्यांवर मध्यरात्र उलटेपर्यंत चर्चा झाली. २२ डिसेंबर २०२२ रोजी बिल ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं. त्याआधी सत्ताधारी पक्षाच्याच मंत्री अ‍ॅश रेगन यांनी विरोधात राजीनामा दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या दोन तज्ज्ञांनीही एकमेकांच्या उलट मतं कळवली होती. १७ जानेवारी २०२३ रोजी लंडनच्या सरकारने १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातलं कलम ३५ वापरून बिल अडवलं. ते कलम तोवर कधीच वापरलं गेलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये एडिनबराच्या न्यायालयाने ही अडवणूक कायदेशीर ठरवली आणि स्कॉटिश सरकारने अपील सोडून दिलं. म्हणजे तुमच्या घरी रोज ज्याच्यावर ताटं उचलली जातात, ते बिल एक दिवससुद्धा लागू झालेलं नाही.

यजमानांचा तुरुंगाचा मुद्दाही मला माहीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या एका कैद्याला आधी बायकांच्या तुरुंगात नेलं आणि गदारोळ झाल्यावर हलवलं. ते प्रकरण खरं आहे. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बाईला निवाऱ्यात कोणाबरोबर राहावं लागेल, हा प्रश्नही खरा आहे आणि तो विचारणारी प्रत्येक बाई ट्रान्सद्वेष्टी नसते. पलीकडे आयर्लंडमध्ये २०१५ पासून आणि जर्मनीत १ नोव्हेंबर २०२४ पासून स्वयंघोषणेवर नोंद बदलते, हेही खरं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. बोलण्यासाठी होलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, १२९ सदस्य निवडून दिलेत. तुमचा मुलगा त्यांच्यात नाही. दुसऱ्याच कोणाच्या गुन्ह्याचा खुलासा त्याने वरण-भात कालवताना का द्यावा?

१६ एप्रिल २०२५ चा ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्ही अर्धा सांगितलात. २०१० च्या समानता कायद्यापुरता 'सेक्स' या शब्दाचा अर्थ जैविक लिंग, प्रमाणपत्राने तो बदलत नाही, असं पाचही न्यायाधीशांनी एकमताने म्हटलं. त्यामुळे बायकांसाठी किंवा पुरुषांसाठी राखीव जागांचे नियम बदलतात आणि ट्रान्स लोकांच्या रोजच्या जगण्यावर त्याचा भार पडतो, हे मी सौम्य करून सांगणार नाही. पण त्याच निकालात असंही आहे की ट्रान्स व्यक्तीला भेदभावापासून आणि छळापासून असलेलं संरक्षण कायम आहे. आणि २००४ चा कायदा रद्द झालेला नाही. प्रमाणपत्र अजून मिळतं. लग्नाच्या नि मृत्यूच्या दाखल्यावर लागणारं लिंग त्यावरून ठरतं, ब्रिटनमध्ये नोंदवलेला जन्मदाखला बदलून मिळतो, आणि अधिकाऱ्याने कामातून कळलेली ही माहिती विनाकारण उघड केली तर तो गुन्हा ठरतो.

यातला मोठा लाभ जन्मदाखल्याचा, आणि तुमच्या मुलाचा जन्म पुण्याचा! ब्रिटनचं पॅनेल पुण्याच्या जन्मनोंदीला हात लावू शकत नाही. परदेशातल्या आपल्या घरांमध्ये ही गोष्ट हमखास निसटते. इकडे जन्मलेल्या मुलांसाठी लिहिलेली माहिती वाचून आपण तीच आपल्याला लागू आहे असं धरून चालतो. भारतातली नोंद भारताच्या नियमांनीच बदलते आणि तिथेही हाच वाद झालाय. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा ठरवला. पुढे २०१९ च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणलं आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. तिकडे अर्ज करायचं ठरलंच तर त्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते वकिलाकडून पक्कं करून घ्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या माहितीवर जाऊ नका.

पासपोर्टसाठी तर हे प्रमाणपत्र लागतही नाही. नाव बदलल्याचा कागद, ते नाव वापरात असल्याचा पुरावा आणि हा बदल कायमचा राहण्याची शक्यता आहे असं डॉक्टरांचं पत्र, यावर ब्रिटिश पासपोर्टवरची नोंद बदलते. तेव्हा 'थांब' म्हणू नका. 'कर' असंही म्हणू नका. तुमच्या अख्ख्या पत्रात मला एक वाक्य सापडलं नाही: मुलाला प्रमाणपत्र हवंय, असं. यजमानांना वाद हवाय, तुम्हाला उत्तर हवंय. त्याला काय हवंय ते विचारलंत का? कदाचित त्याला सध्या विद्यापीठाच्या ओळखपत्रावरचं नाव एवढंच बदलायचं असेल. तो १९ वर्षांचा आहे, अर्ज त्याचा आणि सहीही त्याची. तुम्ही एक करू शकता. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र, बँकेची आणि विद्यापीठाची नव्या नावाने येणारी पत्रं, सगळी तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवायला त्याला मदत करा. दोन वर्षांचे पुरावे मागणाऱ्या कायद्यात फाइल लवकर उघडलेली बरी, अर्ज करो वा न करो.

डिसेंबरच्या प्रवासापुरतं: तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा, ते नाव त्याला कितीही टोचत असलं तरी. पासपोर्ट आत्ता बदलून घेतला आणि ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) जुनंच नाव राहिलं, तर मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता सगळा उलगडा काउंटरवर करावा लागेल. दोन्ही वेळेत बदलून होत असतील तर बदला, नाहीतर परत आल्यावर. हे कारण त्यालाही नीट सांगा, म्हणजे ही टाळाटाळ वाटणार नाही.

सासूबाईंची मला तुमच्याइतकी भीती वाटत नाही. कोल्हापूरच्या आहेत ना? मग जन्मभर 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणत आल्या असतील. तिकडच्या बायकांच्या तोंडी ही रूपं सर्रास असतात. त्यावरून त्यांना काही पटवायला जाऊ नका, व्याकरणाने आज्या पटत नाहीत. पण त्या नातवाला 'लेकरू जेवलं का?' असं विचारतील, आणि त्या नपुंसकलिंगात मुलाला लग्नाचे चार दिवस सावली मिळेल. तुम्ही स्वतःही पत्राच्या पहिल्याच ओळीत 'लेकरू' लिहिलंय. चार दिवसांसाठी तो शब्द चालेल, ग्लासगोला परतल्यावर नको. सासूबाईंना किती सांगायचं आणि कोणी सांगायचं, हे मात्र त्यालाच ठरवू दे. विमानात बसायच्या आधी.

राहिली पत्रिका. त्याला पर्याय द्या: नवं नाव, नुसतं आडनाव घालून 'परिवार', किंवा नावच नको. जे सांगेल ते दिरांना कळवा. फोन तुम्ही करू नका. भाऊ यांचा आहे आणि बोलण्याची सवयही यांनाच आहे, तेव्हा हेच करतील. मुलगा शेजारी बसलेला असताना.