उत्पादनाचा पर्यावरणावरचा भार कमी करायला जीवनचक्र मूल्यमापन (एलसीए), म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा भार मोजण्याची पद्धत, नेमकं कसं वापरायचं?

एलसीएचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकक ठरवा, म्हणजे उत्पादनाच्या कोणत्या कामामागे भार मोजायचा ते. समजा उत्पादन इलेक्ट्रिक किटली आहे. ‘एक किटली’ हे एकक चुकीचं. ‘५ वर्षं रोज ४ लिटर पाणी उकळणं’ हे बरोबर, कारण त्यात टिकाऊपणाही मोजला जातो.

आता साधा हिशेब करा. १ लिटर पाणी २० वरून १०० अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे ०.०९३ युनिट वीज लागते. ५ वर्षांत ७,३०० लिटर, म्हणजे जवळपास ६८० युनिट, तेही वाया जाणारी उष्णता न धरता. किटलीतलं साहित्य मात्र जेमतेम किलोभर. म्हणून हँडलचं प्लास्टिक बदलण्यात वेळ घालवू नका. किमान पातळीची खूण खाली आणा, आत कपांच्या खुणा द्या. जास्तीचं पाणी उकळणं थांबलं की खरी बचत होते.

अनेक अभ्यास फसतात ते कोणते भाग मोजणीतून वगळायचे हे ठरवताना. वजनाच्या १ टक्क्याखालचं सगळं सरसकट गाळलं, तर सर्किट बोर्डावरचं सोनंही गळतं. वजन नगण्य, पण खाणकाम आणि शुद्धीकरणामुळे त्याचा भार प्रचंड. वगळण्याआधी ऊर्जा आणि परिणाम या निकषांवरही तपासा.

फक्त कार्बन पाहू नका, पाणी आणि विषारीपणाही बघा. कोळशाऐवजी पवनवीज धरून गणित पुन्हा करा. निष्कर्ष उलटला तर तसं अहवालात लिहा. प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस असल्याचा जाहीर दावा करायचा असेल, तर आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तज्ज्ञ समितीकडून समीक्षा अनिवार्य आहे.