२०० फुटांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूज शहराच्या उत्तरेला, सिसेरोच्या बाजूला घर घेतलंय. ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची आपली वाट) २०० फूट लांब, गॅरेजकडचा भाग डांबरी आणि रस्त्याकडचा खडीचा. दोघंही नोकरीला, सकाळी साडेसातला निघायचं. स्नो ब्लोअर (बर्फ उचलून लांब फेकणारं मशीन) घ्यावा, प्लाऊवाल्याला, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं लावलेल्या ट्रकवाल्याला, कॉन्ट्रॅक्ट द्यावं, की फावड्यावर भागेल? आणि हिवाळाभर राहायला येणारे सासरे म्हणतायत, 'मी आहे ना, रोज सकाळी काढत जाईन.'

माझं मत आधीच सांगते. पहिल्या हिवाळ्यासाठी पूर्ण सीझनचं कॉन्ट्रॅक्ट द्या, घरात दोन चांगली फावडी ठेवा आणि मशीन पुढच्या वर्षी घ्या. सासऱ्यांच्या हाती फावडं देऊ नका. मी रॉचेस्टरजवळ राहते, आमचाही ड्राइव्हवे लांब आणि खडीचा आहे, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलेलं आहे.

तुमच्याकडचा बर्फ लेक ओंटारिओ या सरोवरामुळे येतो. कॅनडाकडून आलेला थंडगार वारा तुलनेने उबदार पाण्यावरून जाताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यापलीकडे अरुंद पट्ट्यांत ओततो. पट्टा तुमच्यावर थांबला तर रात्रीत दीड-दोन फूट, आणि दहा मैलांवर ऊन. बफेलोकडचं लेक ईरी उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर, म्हणून ते बऱ्याचदा गोठतं आणि मग तिथला जोर कमी होतो. ओंटारिओची सरासरी खोली ८६ मीटर. ते पूर्ण गोठणं दुर्मीळ, त्यामुळे तुमचा हंगाम मार्चपर्यंत चालतो. सिरॅक्यूजची वर्षाची सरासरी १२० इंचांच्या वर आहे आणि १९९२-९३ च्या हिवाळ्यात तिथे १९२ इंच पडला होता.

आता वजनाचा हिशेब. २०० फूट लांब आणि १२ फूट रुंद म्हणजे २,४०० चौरस फूट. त्यावर सहा इंच पडला की १,२०० घनफूट. ताजा बर्फ पाण्याच्या एक दशांश वजनाचा धरला तरी जवळजवळ साडेतीन टन होतात. मार्चमधला ओला बर्फ याच्या दुप्पट सहज भरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि फावडं मारताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो. इथले डॉक्टर दर हिवाळ्यात यावरून इशारे देतात, आणि आपल्या लोकांना हृदयाचा त्रास मुळात लवकर गाठतो. सासरे मनापासून म्हणत असतील, पण यात भीड ठेवू नका. पायऱ्यांवरचा भुरभुरा बर्फ त्यांना झाडूने झाडू दे, तेवढं पुष्कळ झालं.

मशीन निवडताना लोक इंजिन किती ताकदीचं ते विचारतात. मी म्हणेन, ड्राइव्हवेचं रस्त्याकडचं तोंड बघा. टाउनचा प्लाऊ रस्ता साफ करत जातो आणि जाता जाता तुमच्या तोंडाशी बांध घालून जातो. हा ताजा बर्फ नसतो. दाबलेला, मीठमिश्रित, ढेकळांचा असतो आणि तासाभरात दगडासारखा घट्ट होतो. आतला १९० फुटांचा बर्फ कुठलंही मशीन काढतं, खरी परीक्षा या दहा फुटांची.

सिंगल-स्टेज ब्लोअर हलका आणि स्वस्त असतो, पण त्याची रबरी पाती जमिनीला घासून बर्फ उचलतात. खडीवर तो दगडगोटे भिरकावतो, म्हणून तुमच्यासाठी तो बादच. टू-स्टेजमध्ये पुढचा स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. चाकंही इंजिनवरच चालतात. तुम्हाला हाच लागेल, २८ इंच रुंदीच्या आसपासचा, साधारण हजार-दीड हजार डॉलर आणि पुढे. त्याच्या दोन्ही बाजूंना स्किड शू, म्हणजे खालीवर सरकवता येणारे टेकू असतात. खडीसाठी ते खाली सरकवून पुढची कड इंचभर वर ठेवायची. इंचभर बर्फ मागे राहतो, तो दाबून घट्ट होतो आणि पुढे खडी त्याच्याखाली सुरक्षित राहते. डांबरी भागावर मात्र हा थर उरतो, हे गृहीत धरा. स्क्रूला शिअर पिना असतात. बांधातलं गोठलेलं ढेकूळ किंवा दगड अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. चार-पाच पिना जास्तीच्या आणून ठेवा, आणि तिच्या जागी साधा बोल्ट कधीही घालू नका, तो तुटत नाही, मग गिअरबॉक्स तुटतो. बॅटरीवरची मशीनं शांत असतात, पण एवढी लांबी, शिवाय हा बांध आणि कडाक्याच्या थंडीत कमी चालणारी बॅटरी बघता मी पेट्रोलचंच सुचवेन.

नळकांडं तुंबलं तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरीही. आतल्या पंख्यावर ताण साठलेला असतो आणि अडथळा निघताच तो फिरतो. बोटं अशीच जातात. सोबत मिळणारी प्लॅस्टिकची काठीच वापरायची. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

मग यंदा कॉन्ट्रॅक्ट का? कारण वारा तुमच्या आवारात बर्फ कुठे साचवतो हे एक हिवाळा बघितल्याशिवाय कळत नाही. दोन फूट पडलेला बर्फ एका बाजूला चार फुटांचा ढीग होतो आणि दुसरीकडे जमीन उघडी असते. तो ढीग ड्राइव्हवेवर येत असेल तर मोठं मशीन लागेल, नाहीतर मध्यम पुरेल. शिवाय काढलेला बर्फ टाकायचा कुठे, हेही तेव्हाच ठरतं. सेप्टिकच्या शोषखड्ड्यांवर ढीग नको. उताराच्या वरच्या अंगाला ढीग केला तर दुपारी वितळलेलं पाणी रात्री ड्राइव्हवेवर काच होऊन बसतं. रस्त्यापलीकडे बर्फ ढकलणं न्यूयॉर्क राज्यात बेकायदा आहे. प्लाऊने ढकललेल्या भिंती वितळत नाहीत, फेब्रुवारीपर्यंत ड्राइव्हवे अरुंद होत जातो, म्हणून पहिल्या बर्फापासूनच दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त काढायला सांगा.

कॉन्ट्रॅक्टवाल्याला काय विचारायचं? किती इंच पडल्यावर येणार (दोन की तीन), सकाळी किती वाजेपर्यंत, रात्रभर मोठा बर्फ पडत राहिला तर परत येणार का, आणि मुख्य म्हणजे टाउनचा प्लाऊ नंतर येऊन गेला तर तो बांध कोण काढणार. विम्याचा कागद मागा. खडी हिरवळीवर गेली तर वसंतात भरून देणार का, हेही लिहून घ्या. दर फेरीचा भाव सुरुवातीला स्वस्त दिसतो, पण तुमच्या पट्ट्यात पूर्ण सीझनचा ठरावीक भाव बरा. शेजाऱ्यांकडे कोणाचा ट्रक येतो ते बघा, एकाच रस्त्यावर दोन-तीन घरं असली की तो वेळेवर येतो. याद्या लवकर भरतात, तेव्हा दिवाळीची वाट न बघता आत्ताच फोन करा. आणि जमीन गोठायच्या आत दोन्ही कडांना उंच काठ्या रोवा, नाहीतर ट्रकवाल्याला अंधारात ड्राइव्हवे कुठे संपतो ते दिसणार नाही.

तरीही कधीतरी ट्रक उशिरा येणार, म्हणून ती दोन फावडी. एक युक्ती सांगते. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करा. प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. काढलेला बर्फ उजवीकडे टाका आणि ड्राइव्हवेच्या डावीकडे रस्त्याच्या कडेला एक मोकळा खिसा करून ठेवा. प्लाऊच्या पात्यातला बराच बर्फ त्या खिशात पडतो आणि बांध लहान होतो.

मोठा बर्फ पडला की ड्राइव्हवेच्या आधी घराच्या भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे) पाइप मोकळे करा. ते झाकले गेले तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो.

जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप घालायचा पर्यायही आहे. मिशिगनमधल्या हॉलंड गावाने १९८८ पासून वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आपले मध्यवर्ती रस्ते असेच बर्फमुक्त ठेवले आहेत. पण २०० फूट खणून ते बसवणं आणि चालवणं घरगुती खर्चात बसत नाही.

मीठ डांबरी भागावरच टाका, आणि साधं मीठ उणे नऊ सेल्सियसच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड. खडीवर वाळू.

उताराचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. रस्त्याकडे तीव्र उतार असेल तर कळवा, कारण मग चाकांऐवजी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा ब्लोअर बघावा लागेल.