खरसूची झाडं आहेत, रोपं कुठायत?

प्रश्न : मे महिन्यात आमचा ग्रुप उत्तराखंडातलं चोपता-तुंगनाथ करून आला. वाटेत गाईडने एक मोठं झाड दाखवलं, खरसू म्हणाला, पहाडी ओक आहे आणि आता दुर्मिळ झालाय. सदाहरित म्हणतात तर खाली एवढा पाचोळा कसा? एकाच झाडाला खाली काटेरी आणि वर साधी पानं होती, हे काय? आणि दुर्मिळ म्हणावं तर सगळीकडे तेच झाड दिसत होतं! – एक वाचक, कोथरूड

उत्तर : सदाहरित म्हणजे पान गळतच नाही असं नाही हो, झाड एकदम उघडंबोडकं होत नाही एवढंच. खरसूचं पान साधारण वर्षभर टिकतं, उन्हाळ्यात नवी पालवी यायला लागली की जुनं गळतं, आपल्या जांभळाचं होतं तसंच, आणि तुम्ही नेमके त्याच सुमाराला तिथे होतात.

काटेरी पानांचं म्हणाल तर लहान झाडाला आणि खालच्या, जनावरांच्या तोंडाला येणाऱ्या फांद्यांना कडेने टोकदार दाते असलेली पानं येतात, फांदी छाटली तर नवीन फुटवाही तसाच काटेरी येतो, आणि वर शेंड्याकडे, जिथे कोणी खायला पोचत नाही तिथे कडा साध्या असतात. पान उलटं करून बघितलं होतंत का? कोवळ्या पानाच्या मागे तपकिरी-सोनेरी लव असते, बोट फिरवलं की निघून येते.

आता दुर्मिळ. तुमचा गाईड चुकला असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही बरोबर बघितलंत. खरसू हिमालयात साधारण २१०० ते ३८०० मीटरवर होतो, त्याच्या खालच्या पट्ट्यात बांज, मधे मोरू (हेही ओकच) आणि सगळ्यात वर हा, काही ठिकाणी तर झाडांची हद्द संपते तिथपर्यंत. म्हणजे मोठी झाडं भरपूर आहेत. पण पुढच्या वेळी गेलात तर मान वर न करता खाली बघा, गुडघ्याएवढं, कमरेएवढं रोप दिसतंय का ते शोधा. बऱ्याच जंगलांत तेच सापडत नाही, सगळी म्हातारी मंडळी उभी आणि मागे पोरंच नाहीत! माझ्या मते दुर्मिळ हा शब्द झाडाला नाही, रोपाला लावायला हवा.

का नाहीत याचं उत्तर त्याच्या बीमध्ये आहे. फूल येतं उन्हाळ्यात पण फळ पिकतं ते दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, आणि ते बी थांबायला तयारच नसतं, कधी कधी झाडावर असतानाच मूळ बाहेर काढतं, नाहीतर जमिनीवर पडल्या पडल्या. ओल मिळाली तर ठीक, पाऊस लांबला आणि बी सुकलं की संपलं. शिवाय भरघोस फळ दरवर्षी येत नाही, चांगलं वर्ष अधूनमधूनच. त्यातून जे पडतं त्यावर अस्वल, लंगूर, रानडुक्कर सगळे टपलेले. इतकं करून रोप आलंच तर बुग्यालाकडे, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांकडे, जाणाऱ्या गुरा-मेंढ्यांच्या पायाखाली किंवा तोंडात जातं, आणि मोठ्या झाडांच्या दाट सावलीत ते तसंही नीट वाढत नाही, त्याला थोडी मोकळी जागा लागते. चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं फांद्या तोडलेल्या झाडाला मुळात फळच कमी लागतं. पण गावकऱ्यांना नावं ठेवून मोकळं होऊ नका, गवत बर्फाखाली गेलं की हिरवा चारा म्हणून हीच पानं उरतात, चूलही त्याच लाकडावर, आणि आपण यात्रेला, ट्रेकला जाऊन तिथे गरम चहा-मॅगी मागतो ते काय हवेवर शिजतं?

प्रश्न : पाचगणीत एवढे सिल्व्हर ओक आहेत, म्हणजे ओक सह्याद्रीत होतो ना? मग मुळशीच्या फार्महाऊसवर हा खरसू लावता येईल का? बी मागवायचा विचार आहे. – एक वाचक, बाणेर

उत्तर : सिल्व्हर ओक हा ओकच नाही. तो ऑस्ट्रेलियाचा, वेगळ्या कुळातला, ब्रिटिशांच्या काळापासून चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावत आलेला. खरा ओक ओळखायचा त्याच्या फळावरून, खाली वाटीसारखं टोपण आणि त्यात बसवलेलं गुळगुळीत बी. तसं सह्याद्रीत आपोआप उगवलेलं एकही झाड नाही, भारतातले ओक हिमालयात आणि ईशान्येकडे.

मुळशीत खरसू? सोडा. वर्षातले काही महिने बर्फात काढणारं झाड आहे ते, आणि बी सुकलं की मरतं म्हणजे कुरियरने येईपर्यंत काय उरणार. कोणी ‘ओक सीड्स’ म्हणून पाकीट विकत असेल तर पैसे वाचवा. आणि ट्रेकवरून पिशवीत घालून आणायचं तर डोक्यातही आणू नका, चोपत्याच्या आजूबाजूचं बरंचसं जंगल केदारनाथ अभयारण्यात येतं, तिथून परवानगीशिवाय काही उचलणं बेकायदेशीर आहे. मुळशीत अंजनी लावा की! आपलंच सदाहरित झाड, हळू वाढतं हे खरं, पण उन्हाळ्यात फांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुलं आली की लोक गाडी थांबवून बघतात. भीमाशंकरला जाऊन आधी मोठं झाड बघून या, नशीब असेल तर शेकरूही दिसेल.

प्रश्न : खरसूचं बी रुजताना बघायचंय, कधी जावं? – तोच कोथरूडचा वाचक

उत्तर : जुलैचा शेवट ते ऑगस्ट, पण त्याच दिवसांत ऋषिकेशपासून वरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्यामुळे परतीचं तिकीट अगदी काठावरचं काढू नका, दोन-तीन दिवस हातात ठेवा. जळवा असतात, मीठ न्या. उतरताना गोपेश्वरकडून आलात तर मंडल लागेल, १९७३ साली चिपकोची सुरुवात झाली ते हेच गाव, तिथली भांडणाची झाडं मात्र ओक नव्हती, अंगूची (इंग्रजीत ॲश) होती, टेनिसच्या रॅकेटसारखं खेळाचं सामान करायला ती एका कंपनीला दिलेली. मंडलच्या आसपास बांज बघून घ्या, पान उलटं केलं की पांढरट दिसतं, खरसूशी गल्लत होणार नाही. आणि रुजलेलं बी दिसलं तर फोटो काढा, हात लावू नका, कोवळं मूळ पटकन मोडतं.