रत्नागिरी शहर बघायचंय, मग मुक्काम गणपतीपुळ्याला का?

आईवडील आणि दोन लहान मुलं घेऊन पहिल्यांदाच येताय, दोन दिवस शहर बघायचंय, तर मुक्काम शहरातच करा. गणपतीपुळं सुंदरच आहे, पण आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर आहे. माझी बहीण तिकडे राहून रोज शहरात येत होती. दुसऱ्या दिवशी वळणांवर धाकट्याला दोनदा उलटी झाली आणि थिबा पॅलेसला पोचेपर्यंत पोर गळून गेलं होतं.

मारुती मंदिर ते एसटी स्टँड या पट्ट्यात खोली बघा. टिळकांचं जन्मघर, १९३१ सालचं पतितपावन मंदिर, मांडवीची जेट्टी सगळं रिक्षाच्या टप्प्यात येतं. दुपारी आईवडिलांना खोलीवर आणून तासभर आडवं होऊ देता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांसोबत हेच सगळ्यात महत्त्वाचं. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर आहे. पहाटेची गाडी नसेल तर त्याच्या जवळ राहण्यात काही अर्थ नाही.

फोटोवर जाऊ नका, फोन करा. लिफ्ट आहे का? नसेल तर तळमजल्याची खोली मिळेल का? सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं? स्टँडला लागून असेल तर मागच्या बाजूची खोली मागा, एसटीचे हॉर्न पहाटेपासून सुरू होतात.

समुद्राकाठी राहायची मुलांची हौस असेल तर भाट्ये बघा. खाडीवरचा पूल ओलांडला की किनारा, आणि शहरही हाताशी.