हात मोकळा करायचा म्हणजे नेमकं काय?

मागच्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलांच्या हातांबद्दल होती. म्हणून हा अंक त्यांनाच. नावं गाळली आहेत, लांबलेली पत्रं थोडी आवरली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी सात वर्षांची आहे. उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराच्या त्या एकाच बाजूला त्रास. चार वर्षं झाली, आठवड्यातून एकदा आम्ही बदलापूरहून लोकलने दादरच्या एका सेंटरला जातो. तिथे तिचा हात चोळतात, ताणतात, मोठ्या बॉलवर झोपवून हातावर भार देतात. घरीही मी रोज रात्री तेल लावून अर्धा तास एकेक बोट उघडते. सकाळी मूठ पुन्हा मिटलेली. माझं काय चुकतंय?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाही. तुमच्या हाती कामच चुकीचं दिलंय. तेल लावण्यात वाईट काही नाही. दिवसभराच्या धावपळीत तेवढाच वेळ मायलेकींना निवांत मिळत असेल तर जरूर लावा. फक्त त्याला थेरपी समजू नका.

सेरेब्रल पाल्सीत इजा हाताला झालेली नसते, वाढत्या मेंदूला झालेली असते. मूठ मिटते ती स्नायूंना वरून येणारा हुकूम बिघडल्यामुळे. आपण बोटं उघडून दिली म्हणून तो हुकूम सुधारत नाही. मूल स्वतःहून काही घ्यायला जातं, हात चुकतो, पुन्हा जातं, तेव्हा कुठे मेंदूला काही शिकायला मिळतं. २०१३ मध्ये आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपीवरचे उपचार सिग्नलच्या रंगांत मांडले: हिरवा म्हणजे करा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे करू नका. हाताचं काम सुधारण्यासाठीचे जे उपचार हिरव्यात बसले, त्या सगळ्यांत मूलच काम करतं. नुसतं ताणून देणं हिरव्यात नाही.

आता हिशोब करू. एखादी एकच गोष्ट मुलाला जमायला हवी असेल तर साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो, आणि हाताचं एकंदर कौशल्य वाढवायचं तर ३० ते ४० तास. तुमच्या पाऊण तासाच्या सेशनमध्ये ती स्वतः हाताने किती वेळ काही करते? पंधरा मिनिटं धरू. वर्षाचे झाले १३ तास, तेही दहा वेगवेगळ्या गोष्टींत वाटलेले. उलट रात्रीचा तुमचा तेलाचा अर्धा तास महिनाभरात १५ तास होतो. वेळ तुमच्याकडे आहे, तो फक्त वळवायचा आहे.

कुठे वळवायचा, ते तिला विचारा. तुम्हाला वाटेल बटणं. तिला कदाचित शाळेत मैत्रिणींसमोर स्वतःचा डबा उघडायचा असेल. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मुलांचं पहिलं उत्तर डबाच असतं. मग डबाच घ्या. तिच्या कोपराच्या उंचीचं टेबल, डब्याखाली ओला फडका म्हणजे तो सरकणार नाही. आत चार शेंगदाणे. झाकण सुरुवातीला नुसतं टेकवलेलं. उजवा पंजा डब्याच्या पोटाला टेकवायचा, बोटं पूर्ण उघडली नाहीत तरी चालेल, आणि डाव्याने झाकण काढायचं. ते जमलं की झाकण थोडं दाबून बसवा, मग फडका काढा, मग गोल डब्याऐवजी चौकोनी द्या. हेमिप्लेजियातला हात पहिलवान व्हायची वाट बघत बसू नका. त्याचं आयुष्यभराचं काम बहुधा मदतनिसाचं: धरणं, टेकवणं, दाबून ठेवणं. ते काम तो चोख करायला लागला की मूल बरंच काही एकट्याने करतं.

आणि हो, तुम्ही हात घालू नका. हे सगळ्यात अवघड. झाकण अर्ध्यावर अडकलेलं बघून आईचा हात आपोआप पुढे जातो. त्या वेळी हात पदराखाली घ्या आणि मनात वीसपर्यंत मोजा.

सेंटरला जाणं बंद करा असं मी म्हणत नाही. जाल तेव्हा विचारा, ‘डबा उघडणं हे ध्येय धरलंय, यातली पुढची पायरी कोणती?’ ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) मुळात याचसाठी आहे. आपल्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी देशातली पहिली ओटीची शाळा काढली. त्या नावातलं ‘ऑक्युपेशन’ म्हणजे नोकरी नव्हे, माणसाचं रोजचं काम. आम्ही ओटीवालेच कधीकधी हे विसरतो.

प्रश्न: मी गिरगावातून लिहिते. नातू नऊ महिन्यांचा आहे. सगळं डाव्या हाताने घेतो, उजवी मूठ बरेचदा मिटलेली, अंगठा आत. मुलगा म्हणतो, ‘आई, आपले अण्णाही डावरे होते.’ मला मात्र चैन पडत नाही.

उत्तर: आजी, तुमची नजर बरोबर आहे. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या वर्षात मुलं दोन्ही हात साधारण सारखेच वापरतात. वर्षाच्या आतच एक हात ठळकपणे पुढे यायला लागला तर तो डावरेपणा धरायचा नसतो. दुसरा हात मागे का राहतोय, ते तपासायचं असतं. ‘दोन वर्षांचा होऊ दे, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. अनुभवी हातांना सीपीचा अंदाज आता पाच-सहा महिन्यांतच घेता येतो. परळचं वाडिया रुग्णालय किंवा हाजी अलीची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था तुम्हाला दूर नाही. निदान काहीही निघो, तोवर खेळणी उजव्या बाजूने द्या. हलकी, पटकन धरता येणारी: खुळखुळा, रिंग, लाकडी चमचा. डावा हात मात्र धरून ठेवू नका.

प्रश्न: व्हिडिओत पाहिलं की चांगला हात बांधला की दुसरा सुधारतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात मी तीन दिवस ओढणीने बांधून ठेवतोय. तो रडतो, काल मला चावला. बायको म्हणते बंद करा. किती दिवसांत फरक दिसेल?

उत्तर: बायकोचं ऐका. ओढणी आजच सोडा.

तुम्ही पाहिलंत तो उपचार खरा आहे. हिरव्या यादीतलाच आहे. त्याचं तत्त्व असं की एका बाजूला त्रास असलेलं मूल अवघड हात वापरणंच सोडून देतं, कारण चांगल्या हाताने काम पटकन होतं. म्हणून चांगल्या हातावर काही तासांपुरता मऊ हातमोजा चढवायचा आणि तेवढ्या वेळात अवघड हाताला जमतील असे खेळ एकामागून एक खेळायचे. दोन-तीन आठवडे, रोज ठरलेले तास, आणि समोर थेरपिस्ट किंवा तिने शिकवलेले आईबाबा. सुधारणा त्या खेळांनी होते. मोज्याचं काम फक्त आठवण करून देण्याचं. तुमच्या घरी उपचारातला मोजा तेवढा आला, खेळ राहून गेले. पाच वर्षांच्या मुलाचा एकुलता एक चालता हात बांधून घातला तर तो चावणारच. मी चावले असते.

शिवाय तुम्हाला दुसरी वाट आहे. तेवढेच तास दोन्ही हात मिळून करायच्या कामांना दिले, तर फायदा जवळपास तेवढाच होतो. मोजा नको, रडारड नको. लादी पुसायचं फडकं पिळणं, मटार सोलणं, कागदाचं विमान, लाडवासाठी दोन्ही तळव्यांत मिश्रण वळणं. संक्रांत जवळ आली की फिरकी त्याच्या हातात द्या आणि तुम्ही पतंग उडवा. फिरकी एका हाताने धरताच येत नाही, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. आधी मात्र त्याची माफी मागा. पाच वर्षांच्या मुलांना माफी चांगली कळते.

प्रश्न: मुलाच्या हाताला बोटॉक्स द्यायला सांगितलंय. त्यानंतर स्प्लिंट, म्हणजे हाताला बांधायचा आधार. याने हात कायमचा सुटेल का? कांदिवली.

उत्तर: कायमचा नाही. इंजेक्शनने ठरावीक स्नायूचा ताठरपणा काही दिवसांत कमी होतो आणि तो परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. त्या काळात मुलाने हात भरपूर वापरला तर मिळवलेलं कौशल्य पुढे उरतं. नुसतं इंजेक्शन देऊन घरी बसलात तर पैसे गेले. म्हणून तारीख ठरवण्याआधी पुढच्या बारा आठवड्यांची थेरपी पक्की करा. परीक्षा किंवा गावची जत्रा मध्ये येत असेल तर इंजेक्शन पुढे ढकला. स्प्लिंटचं म्हणाल तर तो घालून काही काम सोपं होतंय का ते बघा. अंगठा बाहेर ठेवणाऱ्या छोट्या स्प्लिंटने पेला धरता आला तर छान. रात्रभर घालून हात आपोआप शिकेल, ही आशा मात्र धरू नका. काढल्यावर कातडीवरचा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट बदलून घ्या.

प्रश्न: स्टेम सेलने सीपी बरी होते असं सांगून साडेतीन लाख मागितलेत. सोनं मोडावं का?

उत्तर: नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्टेम सेलचा नेहमीचा उपचार रक्ताच्या विकारांपुरताच मान्य आहे. बाकी सगळं मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तिथेच ओळखा.

प्रश्न: मी चौदा वर्षांची आहे. हे पत्र मीच टाइप केलंय, दोन दिवस लागले. माझ्या दोन्ही हातांना त्रास आहे, कागदावर ‘मॅक्स ४’ लिहिलंय. सगळे माझ्या हातांबद्दल आईशी बोलतात. पुढच्या वर्षी दहावी. मला पेनाने लिहिणं सोडायचंय. सर म्हणतात, हार मानू नकोस.

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोन दिवस लागले हे वाचून नव्हे, एकही चूक नाही म्हणून.

‘मॅक्स’ म्हणजे रोजच्या जगण्यात वस्तू किती हाताळता येतात, याच्या पाच पायऱ्या. चौथी म्हणजे सोप्या, मोजक्या वस्तू, त्याही मांडणी जमवून दिली तर. तो तुझा निकाल नाही. मांडणी कुठे जमवून द्यायची ते त्यावरून कळतं, आणि तीच कामाची गोष्ट आहे.

पेन सोड. चौदाव्या वर्षी पानभर लिहायला तास जात असेल, तर ती सगळी ताकद अक्षर काढण्यात संपते, गणितासाठी काही उरत नाही. सही तेवढी शिकून ठेव, बँकेत लागेल. बाकी टायपिंग. दोन्ही कोपरं टेबलावर पूर्ण टेकलेली, खुर्ची आत, पाय टेकलेले. कळांवर भोकांची पट्टी बसव म्हणजे शेजारची कळ दाबली जाणार नाही. मोबाईलवर बोलून लिहिणं आणि पुढचा शब्द सुचवणं, दोन्ही चालू कर, यात फसवणूक काही नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं जादा, लेखनिक किंवा संगणक, हे सगळं आहे. पण लेखनिकाला सांगून लिहून घेणं हीसुद्धा सवयीने येणारी गोष्ट आहे, विशेषतः भूमितीत. म्हणून नववीच्या सहामाहीपासूनच लेखनिक माग. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर आईला या महिन्यात काढायला लाव, शाळेचा अर्ज त्यावरच अडतो.

सरांना हे पत्र दाखव. पुढचं पत्र किती वेळात टाइप झालं, तेही कळव.