ऐंशी वर्षांपूर्वीचा गोळा अजून जिवंत असू शकतो का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतो. कॅम्प हेल या जुन्या लष्करी तळाच्या परिसरात भटकताना त्याला शेपटीला पत्र्याचे पंख असलेला गंजका गोळा दिसला. त्याने हात न लावता पोलिसांना कळवले. इतक्या वर्षांनी असा गोळा फुटू शकतो का? माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते. जुनी काडतुसे फुसकी निघतात, असे ते सांगत.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : फुटू शकतो, आणि भाच्याने हात लावला नाही हे फार चांगले केले. वडिलांचे म्हणणे काडतुसांपुरते बरेचसे खरे आहे, कारण ती सादळली की अनेकदा निकामी होतात. उखळी तोफेच्या गोळ्यात मात्र पोलादी कवचाआड टीएनटीसारखे स्फोटक असते. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. उलट गंजलेला फ्यूज, म्हणजे आदळल्यावर स्फोट घडवणारी कळ, नव्यापेक्षा अधिक बेभरवशाचा होतो.

सुमारे 9,200 फूट उंचीवरचा हा तळ 1942 मध्ये अवघ्या काही महिन्यांत उभा राहिला. बर्फात आणि कड्यांवर लढण्याचे शिक्षण तिथे घेतलेल्या दहाव्या माउंटन डिव्हिजनने 1945 मध्ये इटलीतील रिव्हा रिज हा डोंगरकडा रात्रीतून चढून जिंकला. पुढे सीआयएने तिबेटी लढवय्यांनाही इथेच गुप्तपणे शिकवले. त्यांनी या जागेला डुमरा, म्हणजे बाग, असे नाव दिले होते. आपल्या शेजारच्या इतिहासाचा हा धागा इतक्या दूरच्या दरीत सापडावा, याचे मला फार नवल वाटते.

गोळे मागे राहण्याचे एक कारण तिथल्या बर्फातच आहे. कठीण जमिनीवर आदळून फुटणारा गोळा भुसभुशीत बर्फात रुतला, तर फ्यूजला पुरेसा धक्का बसत नाही आणि तो तसाच मातीत जातो. नंतर दर हिवाळ्यात गोठणारी माती त्याला हळूहळू वर ढकलते. आपल्याकडे काळ्या रानातले दगड वेचून टाकले, तरी पुढच्या नांगरटीला पुन्हा दगड वर आलेले दिसतात, तसेच काहीसे हे आहे. म्हणून एकदा तपासलेली जागा कायमची सुरक्षित धरता येत नाही.

2022 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालेल्या या परिसराच्या सफाईचे काम अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे. अशा कामात धातुशोधक यंत्र जिथे वाजेल तिथे छोटे निशाण रोवतात आणि मग हाताने, बोटभर माती बाजूला सारत खणतात. बहुधा खिळा किंवा डब्याचा पत्रा निघतो, तरी प्रत्येक निशाणाशी तितक्याच सावकाश जावे लागते. गोळा निघालाच आणि हलवणे धोक्याचे वाटले, तर माणसे दूर करून त्याच्याशेजारी स्फोटक ठेवून तो जागीच उडवतात.