मानसशास्त्राच्या डिसर्टेशनसाठी (प्रबंधासाठी) फक्त मुलग्यांचं सॅम्पल घेतलं तर तो लिंगभेद ठरतो का?

तुम्ही लिहिलंय की गाईड म्हणतात, "मुली घेऊ नका, व्हेरिएबल वाढतात", म्हणजे निकालावर परिणाम करणाऱ्या गोष्टी वाढतात. त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले आहे.

मी एम.ए. नाशिकलाच केलं, 2008 साली. विषय बोटांच्या कौशल्याचा: छिद्रांच्या पाटीत बारीक खुंट्या किती वेळात बसतात. गाईड मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मुली नकोत. पाळीच्या दिवसांत आकडे घसरतात, सगळा डेटा नासतो." मी मान डोलावली. गंगापूर रोडवरच्या हॉस्टेलांतून साठ मुलं गोळा केली, प्रत्येकाला चहा पाजून.

आई तेव्हा पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जायची. एक्स्पोर्टचा माल. घड देठाला धरायचा आणि छोट्या कात्रीनं फुटका मणी काढायचा, शेजारच्या मण्याला न दुखावता. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडभर बायका दिवसभर हेच करायच्या. पाळी आली म्हणून कुणाचा माल कमी धरला नाही आणि सुट्टीही कुणी दिली नाही. रात्री मी स्टॉपवॉचचे आकडे मांडत होते तेव्हा आई म्हणाली, "बोटांचं काम ना? मग पोरांना कशाला विचारतेस?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटचं पान उघडलं. "निष्कर्षात 'व्यक्तींमध्ये' असं लिहिलंय. यात मुली किती?" मी मॅडमकडे पाहिलं. त्या पंख्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सॅम्पल तिनंच ठरवलं." मराठीत व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी; माझ्या साठ व्यक्तींत स्त्री एकही नव्हती. मार्क गेले ते गेले, पण ते वाक्य अजून जात नाही.

लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव मला नंतर कळलं. पाळीत आकडे घसरतात का, नेमका हाच प्रश्न या बाईंनी 1914 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात पीएचडीसाठी तपासला होता. 23 बायका, तुलनेला 2 पुरुष. बोटानं टकटक करण्याचा वेग, हाताची स्थिरता, रंगांची नावं सांगणं, हे सगळं पुन्हा पुन्हा मोजलं. पाळीत घसरण दिसली नाही. आणि त्यांचे गाईड एडवर्ड थॉर्नडाइक, ज्यांचं स्वतःचं मत होतं की अफाट बुद्धीची माणसं पुरुषांतच जास्त निघतात! तरी त्यांनी विद्यार्थिनीला मोजू दिलं. आमच्या मॅडम 94 वर्षांनी मोजूसुद्धा देईनात.

आता तुमचा प्रश्न. फक्त मुलं घेणं चूक नाही. फक्त मुलं घेऊन 'माणूस असा वागतो' म्हणणं चूक. मानसशास्त्रज्ञ कोहलबर्गनं नैतिक विकासाच्या पायऱ्या मुलग्यांच्या उत्तरांवरून बांधल्या आणि लावल्या सगळ्यांना. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगननं 1982 मध्ये त्यावरच बोट ठेवलं. तेव्हा शीर्षकात सरळ 'मुलगे' लिहा. 'युवक' नको, त्यात सगळं लपतं. आणि मुली वगळायचं कारण गाईडकडून ईमेलवर मागून घ्या. तोंडी ऐकू नका. व्हायवाच्या दिवशी तोंडी काहीच उरत नाही.

हेही सांगायला हवं की मुली घेतल्या म्हणून फरक सापडेलच असं नाही. मिलग्रमच्या 1963 च्या प्रयोगात, सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे वाढते झटके कुठवर देतो हे पाहणाऱ्या, 40 पुरुष होते. पुढे 40 बायकांवर केला तरी शेवटच्या बटणापर्यंत जाणारे तेवढेच निघाले, 65 टक्के. बायका नैतिक प्रश्नांचा विचार वेगळ्या पद्धतीनं करतात, हा गिलिगनचा मुद्दाही पुढच्या आकडेवारीत फारसा टिकला नाही. हॉलिंगवर्थचं सॅम्पल लहानच होतं. आणि आमच्या मॅडम संख्याशास्त्र फार चांगलं शिकवायच्या, ते नाकारत नाही.

ती खुंट्यांची पाटी माझ्याकडेच आहे. मागच्या दिवाळीत आईला बसवलं. चष्मा न लावता तिनं माझ्या साठातल्या चाळीस पोरांना मागे टाकलं.